खांडबाऱ्याची शिरगणती

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांची बँकेंतील बदली खांडबारा येथें झाली असून, सूनबाई व दोन नातवंडें यांसह त्यांस लौकरच तिकडे बिऱ्हाड करावें लागणार आहे. आजवर पंधरा पानांच्या पंक्तींत जेवलेलीं मुलें परक्या मुलुखांत जाणार, म्हणून बाईंच्या मनास साहजिकच हुरहूर लागली आहे. त्या लिहितात कीं, आपण या सदरांतून पैठण, वाई, नाशिक अशा क्षेत्रांविषयीं लिहीत असतां. तर या खांडबाऱ्याचा इतिहास काय, तेथील वस्ती किती, आणि ‘तेथें आपलीं माणसें कितीशीं आहेत’, एवढें कळवावें.

पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें यथामति पुढें देत आहों. तिसऱ्याचें उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस आमचीच एक जुनी चूक सांगावी लागेल. म्हणून तें शेवटीं ठेविलें आहे.

खांडबारा हें नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांतील एक लहानसें बाजारगांव. सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या लोहमार्गावर नवापूर व नंदुरबार यांच्यामध्यें याचें स्थानक आहे. सुरत-धुळें महामार्गावरील विसरवाडीहून नंदुरबारास जाणारी सडकहि येथूनच जाते. नेसू, रंगावली अशा, तापीस जाऊन मिळणाऱ्या लहान नद्यांचा हा तालुका. भात, तूर, ज्वारी हीं येथलीं पिकें. पैकीं नवापूरच्या तूरडाळीस तर आतां भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. बाजाराच्या दिवशीं भोंवतालच्या पाड्यांवरून माणसें येतात, मीठमिरची व कापडचोपड घेतात, सोयऱ्याधायऱ्यांस भेटतात, आणि दिवस कलतां परततात. क्षेत्र म्हणून ज्याचें माहात्म्य कोणीं रचावें, किंवा ज्याची बखर लिहावी, अशा गांवांपैकीं हें नव्हे.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास गांवाचें नांव दिसलें कीं व्युत्पत्तीचा मोह होतो. ‘खंड’ आणि ‘द्वार’ हीं पदें आमच्याहि जिभेवर येऊन गेलीं. परंतु या खेळाची गत काय होते, हें खानदेश या नांवावरूनच पाहावें. कोणी तें खांडववनाशीं जोडतो. कोणी कान्हदेश म्हणतो. कोणी यादवांच्या सेउणदेशाचा अपभ्रंश मानतो. तर कोणी फारुकी राजांस मिळालेल्या ‘खान’ या पदवीकडे बोट दाखवितो. एका नांवाचे चार बाप ठरविण्यापेक्षां नांव आहे तसें घेऊन माणसांकडे वळणें बरें.

जुन्या लेखांत या बाजूचीं ठाणीं आढळतात, तीं अशीं. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरींत नंदुरबार हें माळवा सुभ्याचें एक सरकार म्हणून नोंदलेलें आहे. पुढें सतराव्या शतकांत ताव्हेर्निए नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपुराकडे याच वाटेनें गेला. त्याचें प्रवासवर्णन १६७६ सालीं छापलें गेलें. त्यांत नवापूर हें विणकऱ्यांनीं भरलेलें मोठें गांव म्हणून येतें. तेथील तांदूळ दाण्यानें बारीक, शिजल्यावर शुभ्र, आणि कस्तुरीच्या वासाचा, असेंहि तो लिहितो. नवापुरानंतर त्याच्या यादींत एकदम नंदुरबार येतें. मधल्या मुलुखाचें नांव नाहीं. तांदळाचा वास ग्रंथांत राहिला; चिखलांत वांकून त्याची लावणी करणारीं माणसें ग्रंथाबाहेर राहिलीं. हीं माणसें म्हणजे या तालुक्यांतील मावची अथवा गावीत, कोकणी, भिल्ल या जमातींचीं. बाहेरचे लोक येण्यापूर्वींपासून तीं येथें आहेत, आणि आजहि बहुसंख्य तींच आहेत.

बाहेरचे लोक येथें उशिरां स्थिरावले, यास एक कारण हिंवताप हें होय. पश्चिम खानदेशच्या या रानपट्ट्याचें पाणी ‘लागतें’, अशी जुनी ख्याति होती. सरकारी नोकरास इकडची बदली म्हणजे शिक्षा वाटे. १९५३ सालीं हिंवतापनियंत्रणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि हळूहळू ती धास्ती ओसरली. तेव्हां पत्रलेखिका बाईंनीं त्या बाबतींत जुन्या गोष्टींवर जाऊं नये. मच्छरदाणी मात्र बरोबर द्यावी.

दुसरें कारण वाटेचें. तापी व्हॅली रेल्वे कंपनीचा सुरत ते अंमळनेर हा मार्ग १९०० सालच्या सुमारास पुरा झाला, आणि रानांतल्या सागवानास व शेतांतल्या धान्यास सुरतेची पेठ दाराशीं आली. आगगाडी आली कीं स्थानकाभोंवतीं दुकान उभें राहतें, दुकानाभोंवतीं बाजार भरतो, बाजारामागून कचेरी, दवाखाना, शाळा येते. अशीं स्थानकाच्या आधारानें वाढलेलीं गांवें या मार्गावर ओळीनें दिसतात. पण तो काळ कोणता, हें विसरतां येत नाहीं. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा ‘छप्पन्या’ दुष्काळ याच वेळीं गुजरात-खानदेशांत हाहाकार करीत होता. धान्य वाहून नेणारी गाडी आणि धान्यावांचून तडफडणारा मुलूख हीं दोन्ही एकाच वर्षीं शेजारीं शेजारीं होतीं.

आतां वस्तीचा प्रश्न. माणसें मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, पांच-दहा गांवांवर ‘गोप’ नांवाचा अधिकारी सांगितला आहे. त्यानें कर देणारीं व न देणारीं घरें, चारी वर्ण, शेतकरी, गुराखी, व्यापारी, कारागीर, मजूर, दास, एवढेंच नव्हे तर द्विपाद व चतुष्पाद या सर्वांची नोंद ठेवावी, असें तेथें विधान आहे. अर्वाचीन काळीं हिंदुस्थानांतील पहिली खानेसुमारी १८७२ सालीं व सर्वत्र एकाच वेळीं केलेली पहिली १८८१ सालीं झाली. त्या १८८१ सालीं सबंध खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १२ लाख ३७ हजार भरली, व १९०१ सालीं ती १४ लाख २७ हजार होती. ही वाढ बहुतेक पहिल्या दहा वर्षांतली. दुसऱ्या दशकांत, दुष्काळ आणि रोगराई यांमुळें, लोकसंख्या जवळजवळ जागच्या जागीं राहिली. पुढें १९१८ चा इन्फ्लुएंझा आला, आणि १९११ ते १९२१ या दशकांत सबंध हिंदुस्थानची लोकसंख्याच घटली. शाळेंत हे आंकडे पाठ करणाऱ्या मुलांस आम्ही सांगत असूं, कीं जेथें आंकडा वाढलेला नाहीं तेथें थांबा. त्या ओळींत रडणें आहे.

परंतु प्रत्येक घट म्हणजे मरण नव्हे. खांडबारा जागचें हाललें नाहीं, पण त्याचा जिल्हा वारंवार बदलला. १८१८ पासून खानदेश; १९०६ सालीं त्याचे दोन भाग झाले तेव्हां पश्चिम खानदेश; महाराष्ट्र राज्य झाल्यावर धुळें; आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. १ मे १९६० रोजीं राज्यें वेगळीं होतांना नवापूर व लगतच्या तालुक्यांतील कांहीं गांवें गुजरातेंत गेलीं. नवापूरच्या स्थानकावर तर दोन राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते. एकाच बांकाचें एक टोंक महाराष्ट्रांत आणि दुसरें गुजरातेंत आहे. पुढें १९७२ सालीं उकाईचें धरण पुरें झालें आणि तापीकांठची जमीन पाण्याखालीं गेली. तेथल्या माणसांस दुसरीकडे घरें बांधावीं लागलीं. तेव्हां १९५१ चा तालुक्याचा आंकडा १९७१ च्या आंकड्याशेजारीं ठेवून कोणी वजाबाकी करूं लागला, तर त्यास आधीं नकाशा दाखवावा.

येथवर पुस्तकांतलें झालें. आतां स्वतःचें.

१९९१ च्या फेब्रुवारींत आम्ही खांडबाऱ्याच्या बाजारास येणाऱ्या एका पाड्यावर शिक्षक होतों. आणि शिक्षकाच्या पाठीस गणतीचें काम लागतें, तसें तें आमच्याहि पाठीस लागलें. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरून पत्रकें भरावयाचीं होतीं. पहिल्याच दिवशीं आढळलें, कीं कुडाच्या कित्येक घरांचीं दारें बाहेरून दोरीनें बांधलेलीं आहेत. शेजारच्या म्हातारीनें सांगितलें, ‘बार्डोलीकडे गेलीं, उसाला.’ भाताची कापणी आटोपली कीं हीं कुटुंबें दक्षिण गुजरातेंतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जात व उन्हाळ्यांत परतत. आपल्याकडील शिरगणती मात्र फेब्रुवारींत होते. आणि नियम असा, कीं गणतीच्या सगळ्या दिवसांत जो घरीं नाहीं त्यास घरीं मोजावयाचें नाहीं, जेथें असेल तेथें मोजावें. नियमांत खोट नाहीं. पण उसाच्या फडांत, पाचटाच्या खोपटांत, रोज बदलणाऱ्या शेताच्या कडेला, मोजणारा पोंचला तर पोंचला. आमच्या पत्रकांत ‘घर बंद’ एवढेंच लिहिलें गेलें.

ज्या घरीं माणसें होतीं तेथेंहि आमच्या हातून बरोबर झालें नाहीं. पत्रकांत मातृभाषेचा रकाना होता. माणसें आमच्याशीं मराठींत बोलत, म्हणून आम्ही न विचारतांच ‘मराठी’ असें लिहीत चाललों. अशीं पांच घरें झालीं. सहाव्या घरीं आमचीच चौथीतली एक विद्यार्थिनी दारांत उभी होती. पत्रकावर वांकून तिनें ती अक्षरें वाचलीं. वाचावयास आम्हींच शिकविलें होतें. ती म्हणाली, ‘गुरुजी, मराठी आम्ही शाळेंत बोलतों. घरीं मावची.’ आम्हीं त्या घरापुरतें खोडून ‘मावची’ लिहिलें. मागच्या पांच घरीं परत जावयास हवें होतें. पण दिवस मावळत होता, टेकडी उतरावयाची होती, आणि ‘एवढ्यानें काय होतें’, असें मनानें सांगितलें. आम्ही गेलों नाहीं. तीं पांच घरें आजहि आमच्या खातीं बाकी आहेत.

एवढ्यानें काय होतें, तें पुढें कळलें. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषापहाणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ सालीं निघाला. त्यांत भिल्ली बोलींमध्यें मावचीस वेगळें स्थान दिलेलें आहे. आजच्या खानेसुमारींत मावची, गावीत, कोकणी, पावरी, वसावी अशा अनेक बोली ‘भिली-भिलोडी’ या एका नांवाखालीं एकत्र मांडतात. २०११ सालीं ही बेरीज एक कोटी चार लाखांच्या घरांत गेली. त्याच गणतींत लोकांनीं सांगितलेलीं मातृभाषांचीं नांवें १९,५६९ होतीं. छाननीनंतर १,३६९ राहिलीं. त्यांतून १२१ भाषा झाल्या. आणि दहा हजारांहून कमी बोलणारे असतील त्या ‘इतर’ या गाठोड्यांत गेल्या. गाळणी कचेरींत लागते हें खरें. पण पहिली गाळणी दारांत उभ्या असलेल्या गुरुजीच्या टांकाला लागलेली असते. जी भाषा पत्रकांत नाहीं, तिच्यांतलें पुस्तक छापावयास, तिच्यांतून पहिलीचें मूल शिकवावयास कोणी पैसा कां द्यावा? आंकड्यांतून गळलेली बोली शाळेंतूनहि गळते.

त्या वर्षीं २८ फेब्रुवारीस होळीची पुनव होती. आदिवासींस होळी म्हणजे आपली दिवाळी. दूर गेलेला मनुष्यहि त्या रात्रीं घर गांठतो. त्याच रात्रीं बेघर लोकांची गणना करावयाची असल्यानें आम्ही खांडबारा स्थानकाच्या फलाटावर कंदील घेऊन उभे होतों. सुरतेकडील गाडी आली आणि तिच्यांतून माणसेंच माणसें उतरलीं. डोक्यावर बोचकीं, कडेवर पोरें, बोचक्यांतून डोकावणारे कोयते. बेघर कोणी नव्हतें. ज्यांच्या दारांना दोरी होती तींच हीं माणसें. आमच्या पाड्यावरचा एक ओळखीचा गडी दिसला. त्यास विचारलें, ‘तिकडे तुम्हांस कोणीं मोजलें का?’ तो म्हणाला, ‘मोजलं ना गुरुजी, मुकादमानं.’ ‘किती मोजले?’ ‘एक कोयता.’ नवरा, बायको आणि मोळ्या बांधूं लागणारें पोर मिळून एक कोयता, असा त्या धंद्यांतला हिशेब आहे. सरकारच्या गणतींत नाहीं, आणि मुकादमाच्या गणतींत तिघांचें एक! आमच्या हातांत पत्रकें होतीं, आणि नियमांत त्यांस कोठें बसवावें हें आम्हांस कळेना. दुसऱ्या दिवसापासून फेरतपासणीची फेरी होती. तींत दोऱ्या सुटलेल्या दारांशीं जाऊन, गणतीच्या एखाद्याहि दिवशीं घरीं पोंचलेल्या व दुसरीकडे न नोंदलेल्या माणसांचीं नांवें आम्हीं एकेक विचारून लिहिलीं. त्या वेळीं मातृभाषाहि विचारली. तेवढेंच एक समाधान.

तेव्हांपासून वस्तीचा आंकडा पाहिला कीं आम्ही तीन गोष्टी विचारतों: कोणत्या महिन्यांत मोजलें, कोणीं मोजलें, आणि काय विचारलें. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ सालीं १६ लाख ४८ हजार होती. त्यांत दर शंभरांत सुमारें ६९ माणसें अनुसूचित जमातींचीं. सात वर्षांवरील साक्षर दर शंभरीं ६४. देशांतील पहिलें आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिलें गेलें. म्हणजे प्रत्येक माणसास क्रमांक देण्याचा आरंभ येथून झाला. पण क्रमांक देणें निराळें आणि माणूस विचारणें निराळें. २०२१ ची गणती महामारीमुळें झालीच नाहीं. पुढची २०२७ सालीं व्हावयाची, असें सरकारनें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध केलें आहे.

ती गणती आपल्याहि घरीं येईल. म्हणून वाचकांस दोन शब्द. खानेसुमारींत ‘कुटुंब’ म्हणजे एका चुलीवर जेवणारीं माणसें. आपल्या एकत्र कुटुंबांत विचारणारा ओटीवर येतो, कर्ता पुरुष सर्वांच्या वतीनें भराभर उत्तरें देतो, आणि आंत स्वयंपाकघरांत असलेल्यांस आपल्याविषयीं काय लिहिलें गेलें याचा पत्ताहि नसतो. तसें करूं नये. मातृभाषा म्हणजे त्या व्यक्तीच्या लहानपणीं तिच्या आईनें तिच्याशीं बोललेली भाषा, असा नियमाचा अर्थ आहे. तेव्हां कारवारकडील सुनेची कोंकणी किंवा धारवाडकडील सुनेची कानडी ही सासरीं आल्यानें मराठी होत नाहीं. तिला बाहेर बोलवावें व तिचें तिला सांगूं द्यावें. घरांत राहून काम करणारी बाई त्याच चुलीवर जेवत असेल, तर तीहि मोजली गेली पाहिजे. आणि तिची बोली तिलाच विचारली पाहिजे. जो आपल्या घरांतल्या माणसास विचारीत नाहीं, तो टेकडीवरच्या माणसास काय विचारणार? आम्हीं विचारलें नाहीं, त्याचें मूळ आमच्याहि ओटीवरच असावें.

आतां पत्रलेखिका भगिनींचा तिसरा प्रश्न. ‘आपलीं माणसें’ म्हणजे आपल्या आडनांवाचीं व आपल्या पंक्तीचीं, असा अर्थ असेल, तर थोडींशींच भेटतील. बँकेंत, शाळेंत, दवाखान्यांत बदलीवर आलेलीं व बदलीवर जाणारीं. त्यांच्या आधारावर बिऱ्हाड मांडूं नये. परंतु पावसांत सडक तुटेल तेव्हां दूध घेऊन येणारी, नातवास ताप आला तर रात्रीं डॉक्टरास बोलावून आणणारी, अडल्या दिवशीं पाणी भरून देणारी माणसें तेथें पुष्कळ आहेत. आम्हांस तीं नऊ वर्षें लाभलीं, आणि आम्हीं त्यांपैकीं पांच घरांची भाषासुद्धां विचारली नव्हती. सूनबाईंस सांगावें, कीं शेजारणीस पहिल्या आठवड्यांतच ‘तुमच्या घरांत काय बोलतां’, एवढें विचारावें, आणि त्या बोलींतले चार शब्द नातवंडांस शिकूं द्यावे. वर्षानें त्या स्वतःच सांगतील, कीं तेथें आपलीं माणसें किती आहेत. आणि तो आंकडा आमच्यापेक्षां खरा असेल.